शिक्का कोणाचा, साक्ष कोणाची?

खटाव किंवा जत तालुक्यातील शेतकरी पीककर्जासाठी बँकेत जातो, तेव्हा त्याच्या हातातील सातबाऱ्याच्या उताऱ्यावर आता शाईची सही नसते आणि गोल शिक्काही नसतो. सेवा केंद्रातून छापून आणलेल्या त्या कागदावर क्यूआर कोडची चौकट, सोळा अंकांचा एक क्रमांक आणि उतारा डिजिटल स्वाक्षरीचा असल्याचा मजकूर एवढेच असते. बँकेच्या अधिकाऱ्याने संबंधित तलाठ्याला कधी पाहिलेले नसते. ज्या संगणकातून हा उतारा आला, तो संगणक तर दोघांपैकी कोणीच पाहिलेला नसतो. तरीही त्या कागदाच्या आधारे कर्ज मंजूर होते. हा विश्वास नेमका कोणावर ठेवलेला असतो?

बँकेच्या संकेतस्थळावर पैसे पाठवताना, कंपनीची विवरणपत्रे भरताना, ई-निविदा दाखल करताना किंवा मोबाइलवर खासगी संदेश लिहिताना हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहतो. या प्रत्येक व्यवहारात दोन अनोळखी पक्षांच्या मध्ये एक तिसरा पक्ष उभा असतो आणि 'हा माणूस तोच आहे' अशी ग्वाही देतो. सुरक्षित डिजिटल संपर्काची सारी इमारत या विश्वासू मध्यस्थावर उभी आहे. त्याचे काम काय, त्याचे सामर्थ्य कुठे संपते आणि तो चुकला तर काय होते, हे प्रत्येक सुजाण नागरिकाने समजून घेण्याची गरज आहे.

गणिताची मर्यादा

१९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या अमेरिकी संशोधकांनी सार्वजनिक किल्लीची कल्पना मांडली. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या त्रयीने ती प्रत्यक्षात आणणारी 'आरएसए' पद्धत शोधून काढली. या पद्धतीत प्रत्येकाजवळ किल्ल्यांची एक जोडी असते. एक किल्ली खासगी. ती मालकाने कोणालाही द्यायची नसते. दुसरी सार्वजनिक; ती सर्वांना खुली असते. सार्वजनिक किल्लीने बंद केलेला मजकूर केवळ खासगी किल्लीनेच उघडतो. उलट, खासगी किल्लीने केलेली स्वाक्षरी सार्वजनिक किल्लीने कोणालाही तपासून पाहता येते.

स्वाक्षरी करताना संगणक आधी संपूर्ण मजकुराचा एक छोटा गणिती ठसा काढतो. त्याला 'हॅश' म्हणतात. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला, तरी हा ठसा पूर्णपणे बदलतो. त्या ठशावर खासगी किल्लीची प्रक्रिया झाली की डिजिटल स्वाक्षरी तयार होते. म्हणूनच कागदावरच्या सहीपेक्षा ती एका बाबतीत सरस ठरते. शाईची सही तीच राहून वरचा मजकूर बदलला जाऊ शकतो. डिजिटल स्वाक्षरीत मजकूर बदलला की स्वाक्षरीच मोडते.

इथवर गणित निर्दोष आहे. पण समोरच्या पडद्यावर आलेली सार्वजनिक किल्ली खरोखर त्याच माणसाची आहे की नाही, हे गणित सांगू शकत नाही. सांगलीचा एखादा हळद व्यापारी परदेशातील खरेदीदाराला संदेश पाठवतो आहे, असे समजू. वाटेत तिसऱ्याच कोणी स्वतःची किल्ली 'ही खरेदीदाराची' म्हणून व्यापाऱ्याला दिली आणि तशीच दुसरी किल्ली 'ही व्यापाऱ्याची' म्हणून खरेदीदाराला दिली, तर दोघांनाही आपला संपर्क कुलूपबंद वाटेल. प्रत्यक्षात मधला ठक प्रत्येक पत्र उघडून, वाचून, हवे तर बँक खात्याचा क्रमांक बदलून पुढे पाठवत राहील. कुलूप मजबूत आहे, पण ते चोराच्या दाराला लावले आहे, असा हा प्रकार.

यावरचा उपाय १९७८ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेचा विद्यार्थी लॉरेन कोनफेल्डर याने आपल्या पदवीच्या प्रबंधात सुचवला. ज्याच्यावर दोघांचाही विश्वास आहे अशा तिसऱ्याने 'ही किल्ली अमुक व्यक्तीची' असे लिहून त्याखाली स्वतःची डिजिटल स्वाक्षरी करावी. या दाखल्यालाच 'सर्टिफिकेट' म्हणजे प्रमाणपत्र असे नाव मिळाले आणि तेच आजच्या व्यवस्थेचा पाया आहे.

हुंडीचा शहा, साताऱ्याची वस्त्रे

कल्पना संगणकाची असली, तरी तिचे मर्म आपल्या पेठांना नवे नाही. हुंडीच्या व्यवहारात 'शहाजोग' नावाचा एक प्रकार असे. या हुंडीचे पैसे ती घेऊन येणाऱ्या कोणालाही न देता केवळ 'शहा'ला, म्हणजे बाजारात पत असलेल्या ओळखीच्या सावकाराला किंवा त्याच्यामार्फतच द्यायचे, असा दंडक होता. हुंडी पुढे बनावट निघाली, तर घेतलेली रक्कम परत करण्याची जबाबदारी त्या शहावर येई. म्हणजे शहा नुसती ओळख पटवत नसे, त्या ओळखीची किंमत मोजण्याची तयारीही ठेवत असे. मध्यस्थाच्या शब्दाला वजन येते ते या जबाबदारीमुळे.

विश्वासाच्या साखळीचे दुसरे उदाहरण खुद्द साताऱ्याचे आहे. १७०८ साली साताऱ्यास शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. पुढे कारभाराची सूत्रे पुण्याकडे गेली, तरी पेशवेपदाची वस्त्रे आणि शिक्के साताऱ्याच्या छत्रपतींकडूनच येत. पेशव्यांच्या शिक्क्यात आधी छत्रपतींचे नाव असे आणि मग प्रधानाचे. १७७४ साली सवाई माधवराव जेमतेम चाळीस दिवसांचे असताना त्यांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. त्या बालकाला अक्षर काढता येणे शक्यच नव्हते. पण त्याच्या नावाच्या शिक्क्याचे कागद चालले, कारण त्या शिक्क्यामागे साताऱ्याची मान्यता होती. पत्र मिळणाऱ्याने शिक्का ओळखायचा, शिक्क्यामागचे पद ओळखायचे आणि पदामागची मूळ गादी ओळखायची, अशी ही तीन पदरी रचना होती.

संगणकशास्त्र याच रचनेला 'विश्वासाची साखळी' म्हणते. तळाशी वापरकर्त्याचे प्रमाणपत्र, त्यावर ते देणारा मध्यस्थ आणि सर्वात वर त्या मध्यस्थाला मान्यता देणारी मूळ संस्था. मूळ संस्थेची किल्ली आपल्या संगणकात किंवा मोबाइलमध्ये आधीच साठवलेली असते. ब्राउझर एकेक कडी तपासत मूळापर्यंत पोहोचतो आणि मगच संकेतस्थळ मान्य करतो.

कायद्याची चौकट

भारतात या साखळीला कायद्याचे अधिष्ठान मिळाले ते माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० या कायद्याने. १७ ऑक्टोबर २००० रोजी तो लागू झाला आणि डिजिटल स्वाक्षरीला हस्ताक्षरातील सहीच्या बरोबरीचा दर्जा मिळाला. याच कायद्यान्वये केंद्र सरकारने प्रमाणन प्राधिकारी नियंत्रक हे पद निर्माण केले. नियंत्रकाच्या अखत्यारीतील मूळ प्रमाणन यंत्रणा ही देशातील साखळीची सर्वात वरची कडी. तिच्याकडून परवाना घेतलेले प्रमाणन प्राधिकारी व्यक्तींना आणि संस्थांना प्रमाणपत्रे देतात. पहिले परवाने २००२ साली दिले गेले. २००६ पासून कंपन्यांची विवरणपत्रे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने भरणे आवश्यक झाले आणि डिजिटल स्वाक्षरी सनदी लेखापालांच्या कार्यालयांत घरोघरची वस्तू झाली.

प्रमाणपत्र देण्यापूर्वी अर्जदाराची ओळख पटवणे हे प्राधिकाऱ्याचे मुख्य काम. ही पडताळणी किती कसून झाली यावर प्रमाणपत्राचे वर्ग ठरत. यातील दुसरा वर्ग १ जानेवारी २०२१ पासून बंद करण्यात आला आणि बहुतेक व्यवहारांसाठी अधिक कडक पडताळणीचा तिसरा वर्ग राहिला. खासगी किल्ली एका लहान यूएसबी टोकनमध्ये बंद असते. तिला सर्वसाधारण बोलीत 'डोंगल' म्हणतात. ती पिन टाकल्याशिवाय वापरता येत नाही आणि टोकनमधून बाहेर काढून तिची प्रत करता येऊ नये, अशी रचना असते. २०१५ पासून आधारच्या पडताळणीवर चालणारी 'ई-साइन' सेवाही उपलब्ध झाली. तिच्यात टोकन लागत नाही. एका वेळच्या स्वाक्षरीपुरती किल्ली तयार होते.

मात्र प्रत्येक दस्तऐवज या पद्धतीने करता येत नाही. मृत्युपत्र अद्यापही डिजिटल स्वाक्षरीच्या कक्षेबाहेर आहे. ते कागदावर, साक्षीदारांसमक्षच करावे लागते.

सातबाऱ्याची साक्ष

महाराष्ट्रातील सामान्य माणसाचा या व्यवस्थेशी सर्वात निकटचा संबंध येतो तो सातबाऱ्यातून. गाव नमुना सात आणि बारा मिळून होणारा हा उतारा पूर्वी तलाठ्याच्या हस्ताक्षरात मिळे. ई-फेरफार प्रकल्पात नोंदी संगणकावर आल्या आणि १ मे २०१८ रोजी, महाराष्ट्रदिनी, डिजिटल स्वाक्षरीचे उतारे ऑनलाइन देण्यास सुरुवात झाली. महाभूमी संकेतस्थळावर त्यासाठी १५ रुपये शुल्क ठेवण्यात आले. डिसेंबर २०२५ मध्ये महसूल विभागाने अशा उताऱ्याला शासकीय, बँकिंग आणि न्यायालयीन कामांसाठी कायदेशीर मान्यता असल्याचे स्पष्ट केले.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवला पाहिजे. डिजिटल स्वाक्षरी ही संगणकीय फाइलमध्ये असते, छापील कागदावर नसते. कागदावर दिसणारी खूण हे केवळ चित्र आहे आणि कोणतेही चित्र उचलून दुसऱ्या कागदावर डकवता येते. म्हणूनच उताऱ्यावर सोळा अंकी पडताळणी क्रमांक दिलेला असतो. तो शासनाच्या संकेतस्थळावर भरला की मूळ नोंद समोर येते. क्रमांक न तपासता केवळ छापील खूण पाहून उतारा मान्य करणारा अधिकारी किंवा जमीन घेणारा गृहस्थ मध्यस्थाची साक्ष घेतच नाही. तो नुसत्या कागदावर विसंबतो.

संगणकावर अशी फाइल उघडल्यावर कित्येकदा स्वाक्षरीजवळ पिवळे प्रश्नचिन्ह दिसते आणि उतारा खोटा असल्याची शंका येते. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो, की त्या संगणकातील वाचक प्रणालीला भारतातील मूळ प्रमाणन यंत्रणेची ओळख करून दिलेली नाही. स्वाक्षरी खोटी आहे असे ती म्हणत नाही, साक्षीदार आपल्या ओळखीचा नाही असे म्हणते. या दोहोंतील फरक मोठा आहे.

शिक्क्याविषयीच वाद झाला तर

शिक्क्याच्या खरेपणावर किती मोठी गोष्ट अवलंबून असू शकते, याची आठवण साताऱ्याइतकी दुसऱ्या कोणत्या शहराला नसेल. १८३९ साली ईस्ट इंडिया कंपनीने छत्रपती प्रतापसिंह यांना पदच्युत करून काशीस पाठवले. गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि इतरांशी संधान बांधून कंपनीविरुद्ध कट केल्याचा आरोप त्यांच्यावर होता. तो बऱ्याच अंशी पत्रे आणि जबान्या यांवर उभा होता. ही कागदपत्रे बनावट असल्याचे महाराजांच्या बाजूने सातत्याने मांडले गेले; पुरावा समोर ठेवून उघड चौकशी करावी ही मागणी मात्र मान्य झाली नाही. त्यांचे वकील रंगो बापूजी १८५३ पर्यंत लंडनमध्ये राहून दाद मागत राहिले. महाराजांचे १८४७ मध्ये काशीतच निधन झाले.

या प्रकरणातून आजच्या विषयापुरता एकच मुद्दा घ्यायचा. पुरावा ज्याच्या हाती, निकालही त्याच्याच हाती आणि तपासणीची वाट बंद, अशा स्थितीत शिक्का खरा की खोटा याला अर्थ उरत नाही. डिजिटल व्यवस्थेतील मध्यस्थालाही हेच लागू पडते. तो सज्जन आहे एवढे पुरत नाही. त्याने केलेले काम इतरांना तपासता आले पाहिजे.

मध्यस्थावर पहारा

ही काळजी कल्पनेतील नाही. २०११ च्या जुलै महिन्यात नेदरलँड्समधील डिजिनोटार या प्रमाणन संस्थेच्या संगणकांत घुसखोरी झाली आणि पाचशेहून अधिक बनावट प्रमाणपत्रे काढली गेली. त्यांत गूगलच्या नावाचेही एक होते. त्याच्या साहाय्याने प्रामुख्याने इराणमधील सुमारे तीन लाख संगणकपत्त्यांवरील वापरकर्त्यांचा जीमेलशी होणारा संपर्क चोरून पाहण्याची सोय झाली. या लोकांच्या ब्राउझरवर कुलपाचे चिन्ह व्यवस्थित दिसत होते. संस्थेने घुसखोरीची वाच्यता केली नव्हती. ऑगस्टच्या अखेरीस प्रकार उघडकीस आला. ब्राउझर कंपन्यांनी तिची मान्यता काढली आणि सप्टेंबरमध्ये संस्था दिवाळखोरीत गेली.

तीन वर्षांनी भारतातही असा प्रसंग आला. २ जुलै २०१४ रोजी गूगलच्या ध्यानात आले, की आपल्या काही संकेतस्थळांच्या नावे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, प्रमाणन यंत्रणेतून अनधिकृत प्रमाणपत्रे निघाली आहेत. भारताच्या मूळ यंत्रणेला मायक्रोसॉफ्टने मान्यता दिलेली असल्यामुळे विंडोजवरील अनेक संगणक ती खरी मानणार होते. नियंत्रकांनी ३ जुलै रोजी एनआयसीची संबंधित मध्यस्थ प्रमाणपत्रे रद्द केली. प्रमाणपत्र देण्याच्या प्रक्रियेत शिरकाव झाल्याचे आणि अशी चार प्रमाणपत्रे निघाल्याचे सांगण्यात आले. परंतु त्याहून अधिक आपल्या पाहण्यात आल्याचे गूगलचे म्हणणे होते. अखेरीस गूगलने आपल्या ब्राउझरपुरती भारतीय मूळ यंत्रणेची मान्यता मुख्यतः शासकीय आणि शैक्षणिक अशा सात ठरावीक नावांपुरती मर्यादित करण्याचे जाहीर केले.

या दोन घटनांतून जगाने धडे घेतले. पहिला धडा उघडेपणाचा. 'सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सी' या व्यवस्थेत दिलेल्या प्रमाणपत्रांची नोंद सार्वजनिक वहीत होते. तिच्यात भर घालता येते, खाडाखोड करता येत नाही. २०१८ पासून क्रोम ब्राउझर अशी नोंद नसलेली नवी प्रमाणपत्रे नाकारू लागला. त्यामुळे आपल्या नावावर कोणी परस्पर प्रमाणपत्र काढले आहे का, हे बँकेला किंवा शासकीय खात्याला स्वतः पाहता येते. दुसरा धडा मुदतीचा. संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांचे आयुष्य टप्प्याटप्प्याने कमी करून २०२९ पर्यंत ४७ दिवसांवर आणण्याचे २०२५ मध्ये ठरले. चुकलेला दाखला फार काळ फिरत राहू नये, हा त्यामागील हेतू. तिसरा धडा मान्यता काढून घेण्याचा. मध्यस्थ कितीही मोठा असला तरी साखळीतून त्याला वगळता आले पाहिजे.

मध्यस्थ नकोच असेल तर

मध्यस्थाला टाळण्याचे प्रयत्नही झाले. १९९१ साली फिल झिमरमन यांनी 'पीजीपी' ही प्रणाली खुली केली. तिच्यात मूळ संस्था नसते. ओळखीची माणसेच एकमेकांच्या किल्ल्यांवर साक्षीची स्वाक्षरी करतात. सोयरीक जुळवताना नात्यागोत्यातून चौकशी करावी, तसा हा प्रकार. संशोधक, पत्रकार आणि तंत्रज्ञ यांच्या वर्तुळात ती रुजली. परंतु सामान्य वापरकर्त्याला किल्ल्यांचा हा सांभाळ जड वाटला.

व्हॉट्सअ‍ॅपने २०१६ मध्ये सर्व संदेशांना दोन्ही टोकांपर्यंत संरक्षण दिले. संदेश मध्ये कोणालाही वाचता येत नाही, हे खरे. पण समोरच्याची सार्वजनिक किल्ली आपल्या फोनला पुरवते ती कंपनीचीच यंत्रणा. म्हणजे मध्यस्थ गेला नाही, फक्त मागे सरकला. त्याच्यावरही विसंबायचे नसेल, तर संपर्काच्या माहितीत साठ अंकांचा एक सुरक्षा क्रमांक दिलेला असतो. दोघांनी प्रत्यक्ष भेटीत तो ताडून पाहिला की मध्ये कोणी नाही याची खात्री होते.

शेवटची कडी

साखळी कितीही भक्कम असली, तरी तिची शेवटची कडी वापरकर्त्याच्या हातात असते आणि आपल्याकडे ती तिथेच तुटते. ग्रामपंचायतीचे इ-ग्रामस्वराज प्रणालीतील देयक मंजूर होण्यासाठी सरपंच आणि ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, अशा दोघांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या लागतात. एकाने सादर करायचे आणि दुसऱ्याने तपासून संमती द्यायची, हा त्यामागील उद्देश. पण दोघांचीही टोकने आणि पिन संगणक चालकाच्या एकाच खणात असतील, तर दोन स्वाक्षऱ्यांना अर्थ काय राहिला? कर सल्लागाराकडे कायमची ठेवलेली संचालकाची टोकने याच जातीची. येथे कायद्याने नेमलेला मध्यस्थ बाजूला राहतो आणि कोणीही न नेमलेला एक नवा मध्यस्थ तयार होतो. त्याची ना तपासणी होते, ना त्याच्यावर जबाबदारी असते.

कायदा याबाबत कठोर आहे. खासगी किल्लीवर ताबा ठेवण्याची वाजवी काळजी घेणे हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४२ नुसार प्रमाणपत्रधारकाचे कर्तव्य आहे. किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली तर ती गोष्ट प्रमाणन प्राधिकाऱ्याला विनाविलंब कळवावी लागते. कळवेपर्यंतची जबाबदारी धारकाचीच राहते. 'मी सही केलीच नाही, माझे टोकन त्याच्याकडे होते', हा बचाव म्हणूनच दुबळा ठरतो.

वाचकांनी पुढील बाबी कटाक्षाने पाळाव्यात:

१. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आणि पिन एकाच व्यक्तीच्या हाती देऊ नये. स्वाक्षरी स्वतः समोर बसून करावी.

२. टोकन हरवल्यास किंवा धारकाचे पद संपल्यास प्रमाणपत्र तातडीने रद्द करून घ्यावे.

३. सातबारा, आठ-अ किंवा फेरफाराचा उतारा स्वीकारताना त्यावरील क्रमांक शासनाच्या संकेतस्थळावर स्वतः भरून पाहावा. समोरच्याने मोबाइलवर उघडून दाखवलेल्या पानावर विसंबू नये.

४. ब्राउझरमधील कुलपाचे चिन्ह संपर्क सुरक्षित असल्याचे सांगते, संकेतस्थळाचा मालक प्रामाणिक असल्याचे नव्हे. ठकसेनालाही आपल्या संकेतस्थळासाठी मोफत आणि अस्सल प्रमाणपत्र मिळू शकते. म्हणून पत्त्यातील अक्षर न् अक्षर वाचावे.

५. ब्राउझरने प्रमाणपत्राविषयी इशारा दिला असता 'पुढे जा' हा पर्याय निवडू नये, विशेषतः बँकेच्या व्यवहारात.

'तोतया' हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी बसला तो पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने उभ्या राहिलेल्या माणसामुळे. त्याच्या चेहऱ्यावर कित्येकांनी विश्वास ठेवला आणि त्याचे बंड १७७६ पर्यंत धुमसत राहिले. आजच्या तोतयाला चेहऱ्याचीही गरज नाही. दुसऱ्याची किल्ली पुरते. ती किल्ली कोणाची हे सांगणारा मध्यस्थ आपल्याला लागणारच आहे. पण शहाजोग हुंडीच्या काळात पेढीवरचा गुमास्ता शहाची पत अधूनमधून चाचपून पाहत असे. पेढी गेली तरी ती सवय सोडून चालणार नाही. बँकेतल्या त्या अधिकाऱ्याला सोळा अंक भरून पाहायला मिनिटभर लागते आणि शेतकऱ्याच्या जमिनीची खरी राखण त्या मिनिटातच होते.